मेन गेटवर थांब

इंदापूर, २३ नोव्हेंबर २०२५

सोपान,

वर चिरंजीव लिहिलं नाही, कारण राग आहे. श्रीयुत लिहिलं नाही, कारण तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. नुसतं नाव लिहिलंय, तेवढ्यावर भागव.

फोन तू मला बंद करून ठेवलायस. श्रेया म्हणाली, "आई, मामानं तुला ब्लॉक केलंय, किती बोटं आपटतीस?" मग म्हटलं, कागद काही ब्लॉक होत नाही. फाडणार असशील तर फाड, पण फाडायच्या आधी एक नजर पडतेच, तुझी सवय मला माहीत आहे. पत्ता त्या खोक्यावरून उतरवला, ज्यातून तू आईला जाड ब्लँकेट पाठवलं होतंस. फुलांची कंपनी, नैवाशा, केनिया. अजून तिथंच असशील असं धरून चालते. गुलाबाचे शेड सोडून तू कुठं जाणार?

आता कामाचं. श्रेयाचं लग्न ठरलं. मुलगा बारामतीचा, संदेश नाव, जनावरांचा डॉक्टर आहे. बोलायला कमी, पण गाईच्या पोटात हात घालताना तिच्याशी गप्पा मारतो म्हणे. तुझ्या भाचीला तेच आवडलं. लग्न फाल्गुनात, २६ फेब्रुवारीला, इंदापुरातच. पाहुण्यांना पत्रिका मोबाईलवर पाठवणार आहे. आजकाल कुणाला काही वाटत नाही त्याचं. पण माहेरची अक्षत मोबाईलवर देता येत नाही, आणि रुसलेल्याची तर मुळीच नाही. त्याच्या दारात जाऊन, रुसवा काढून, त्याच्या हातात ठेवावी लागते. आई असती तर तिनं मला दटावून पाठवलं असतं. ती नाही, म्हणून माझी मीच निघाले.

भटजी माईकवरून ओरडणार, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." तेव्हा उठणार कोण? ह्यांचं म्हणणं, चुलत्यांचा दिग्विजय आहे, तो उभा राहील, मामाच लागतो तो. श्रेयानं ऐकलं आणि म्हणाली, "मामा नसंल तर मी एकटी चालत येईन. कुणी हात धरायचा न्हाय." आता तिला कोण समजावणार? हट्ट तुझ्यावर गेलाय.

तर ऐक, मी तिकडं येते आहे. हसू नकोस. बारामतीचे केयूर सर आहेत, कॉलेजात शिकवतात आणि दर हिवाळ्यात लोकांना आपल्या भिगवणला होडीतून पक्षी दाखवायला आणतात. ह्या वर्षी ते दहाजणांना घेऊन केनियाला निघालेत. नाकुरू म्हणून तळं आहे, त्याच्या काठचं अभयारण्य बघायचं. आमच्या पेरूच्या गिऱ्हाईक विनयाताई, दातांच्या डॉक्टर, त्या जाणार होत्या जोडीनं. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्यांची एकाची जागा रिकामी झाली, मी म्हटलं मी येते. हे म्हणाले, "आख्खं बालपण पक्ष्यांत गेलं, तवा कधी मान वर करून बघितलं न्हाईस. आता आफ्रिकेला?" मी म्हटलं, आवड निर्माण झाली. त्यांनी कपाटातून बॅग काढून दिली. त्यांना सगळं कळतं, बोलत नाहीत.

हे तेच तळं ना रे, ज्याच्याबद्दल तू पहिल्या वर्षी फोनवर सांगितलं होतंस? "अक्का, हितं पाणी न्हाय, नुसता गुलाल. जिकडं बघावं तिकडं रोहित पक्षी. आपल्या भिगवणला हजार-दोन हजार येतात, हितं मोजायला खडे पुरायचे न्हाईत. तुला नि आईला आणतो." आई रोज विचारायची, कधी न्यायचं म्हणला गं तो?

केयूर सरांनी छापील कागद दिलाय. १९, २० आणि २१ जानेवारी, तिन्ही दिवस सकाळी साडेसहाला आम्ही अभयारण्याच्या मेन गेटवर असू. तू तिथं थांब. नैवाशापासून लांब नाही म्हणतात. पाच मिनिटं भेट, अक्षत घे, वाटल्यास तोंड वाकडं करून घे.

आई गेली त्या दिवशी लोक थांबेनात, हे मी तुला तेव्हाच सांगितलंय. आता ते उकरून काढायचं नाही. भावकीतले थोरले म्हणून तात्याबांना अक्षत द्यायला गेले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. काय बोलले ते नंतर कधीतरी सांगेन.

मेन गेटवर थांब.

तुझी,
संजीवनीअक्का


इंदापूर, १२ जानेवारी २०२६

सोपान,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला इतक्यांदा विचारलं की तो आता आमच्या घरापुढून गाडी जोरात काढतो. हे पत्र मी टाकणार नाही, बरोबरच घेऊन येईन. तू भेटलास तर हातात देईन.

काल आईचं तिसरं वर्ष झालं. पान वाढलं, गच्चीवर ठेवलं, पण कावळा शिवेना. आंब्यावर चार बसले होते, पानाकडं बघत होते, एक खाली उतरेना. हे म्हणाले, "बोल काहीतरी. तिचं काय राहिलंय ते बोल." मी हात जोडून मनात म्हटलं, आई, सोपानाला घेऊन येते. तरी नाही. अर्धा तास झाला, भात वाळायला लागला. मग मी दुसरं काहीतरी बोलले. ओठसुद्धा हलवले नाहीत. दोन कावळे एकदम आले.

काय बोलले ते विचारू नकोस.

अक्षतेची पुडी बांधलीय, एकच मूठ. केयूर सरांनी बजावलंय, बी-बियाणं, धान्य काही नेऊ नका, विमानतळावर अडवतात. म्हटलं, बरं. पुडी चष्म्याच्या डबीत बसते.


नाकुरू, १९ जानेवारी, संध्याकाळ

सोपान,

आला नाहीस.

आधी हे सांगते आणि मग बाकीचं. सकाळी साडेसहाच्या आधीच आम्ही गेटवर होतो. कागदातलं हॉटेल ऐन वेळी बदललं, शहराच्या अलीकडं लानेट म्हणून भाग आहे तिथं उतरलोय. पण गेटवर वेळेत पोचलो. चांगलं मोठं गेट आहे. आमचा ड्रायव्हर मवांगी तिकिटं काढायला गेला आणि मी खाली उतरले. थंडी इतकी की शाल दोनदा गुंडाळली. भिंतीवर माकडं बसली होती, ही एवढाली, कुत्र्यासारखी तोंडं. एकानं माझ्या पर्सकडं बघितलं. मी चष्म्याची डबी छातीशी धरली. म्हटलं, बाबा, सोनं ने, ही नेऊ नकोस.

प्रत्येक गाडीत डोकावून बघितलं. विनयाताई म्हणाल्या, "संजीवनीताई, कुणाला शोधताय?" मी म्हटलं, पक्षी. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, तुला काय सांगायचं.

आत गेलो. अरे, गेंडा बघितला! दोन गेंडे, रस्त्यापासून एवढ्या अंतरावर, रेड्यासारखे निवांत चरत होते. सगळे श्वास धरून बसले आणि मला हसू आलं, कारण त्याचा कान आपल्या अप्पांच्या म्हशीसारखा हलत होता. जिराफ मान खाली करून आमच्या गाडीत बघून गेला. केयूर सर पक्ष्यांची नावं सांगत होते, बाकीचे वहीत लिहीत होते. मध्येच एक उंच तांबड्या पायांचा दिसला. सर काही म्हणायच्या आत माझ्या तोंडातून निघालं, "शेकाट्या." सगळे वळून बघायला लागले. विनयाताई म्हणाल्या, "छुप्या रुस्तम निघालात की!" आता ह्यात काय आहे? धरणाचं पाणी ओसरलं की आपण गाळपेर करायचो, तिथं काकडीच्या वेलांत तो रोज फिरायचा. आई काठी घेऊन हाकलायची.

आणि तळं. तू म्हणायचास तसलं गुलाबी काही नाही रे. पाणी वाढलंय. गेल्या दहा-बारा वर्षांत काठ सोडून वर वर येत गेलंय, असं मवांगी सांगत होता आणि सर मराठीत करून सांगत होते. झाडंच्या झाडं पाण्यात उभी आहेत, वाळून पांढरी पडलेली. जुना रस्ता गेला, कचेरी गेली, जुनं गेटसुद्धा बुडालं, आता नवीन वर बांधलंय म्हणे. म्हणजे आपण आलो ते नवीन, असं मी मनात म्हटलं. गोडं पाणी जास्त झालं की रोहितांचं खाणं कमी होतं, म्हणून बरेचसे दुसऱ्या तळ्यांवर निघून गेलेत.

बाकीचे अरेरे म्हणाले.  मला आपल्या जुन्या गावचा पिंपळ दिसत होता. धरणाचं पाणी आलं त्या वर्षी असाच कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तू तेव्हा माझ्या काखेला. मी दहा-अकरा वर्षांची, तू पाच-सहाचा, चालता येत होतं तरी चालायचा नाहीस. आई डोक्यावर जातं घेऊन पुढं, अप्पा बैलांबरोबर, आणि मी तुला घेऊन सगळ्यांच्या मागं. तू रडत होतास म्हणून मी तुला पाण्यावर उतरलेले पक्षी दाखवले. "एक, दोन, तीन, म्हण." तू शंभरापर्यंत मोजलंस आणि पुढचं येईना म्हणून एक खडा माझ्या हातात दिलास. "अक्का, हे शंभर तू धर." नव्या गावठाणात पोचेपर्यंत माझ्या मुठीत सात खडे झाले होते.

उद्या ये. मला तुझी फार आठवण येते. लिहिलं एकदाचं.


नाकुरू, २० जानेवारी, दुपार

सोपान,

आजही नाहीस.

सगळे जेवून आडवे झालेत. मी व्हरांड्यात बसलेय.

आज रोहित दिसले. तळ्याच्या पार टोकाला, उथळ पाण्यात. लांबून एक फिकट रेघ दिसत होती, जवळ गेलो तर रेघ हलायला लागली. पायांनी चिखल ढवळत, माना उलट्या करून खात होते. केयूर सरांनी विचारलं, "किती असतील? अंदाज सांगा." कुणी पाचशे म्हणालं, कुणी पाच हजार. मी खाली बसून खडे गोळा केले. दर शंभराला एक बाजूला ठेवत गेले. अकरा खडे झाले, वर चाळीसेक. सरांनी दुर्बिणीतून त्यांच्या पद्धतीनं मोजले, ते साडेअकराशे म्हणाले. "मावशी, हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "माझ्या भावाकडनं." "ते पण पक्षीनिरीक्षक आहेत?" मी हो म्हटलं. त्यांना काय सांगणार, की तो इथून तासाभरावर आहे आणि माझं तोंड बघत नाही.

विनयाताईंनी माझा फोटो काढला, पाठीमागं रोहित. काढून मला दाखवला. सोपान, फोटोत आई उभी होती. तसंच कपाळ, तसाच डाव्या गालावरचा खड्डा, डोक्यावरून पदर. ह्या दोन-तीन वर्षांत कधी झाले मी अशी, कळलंच नाही.

आता लिहिते. कावळ्यासमोर कबूल केलंय, तुझ्यासमोर करते.

तात्याबांना अक्षत द्यायला गेले तेव्हा त्यांनी पुडी घेतली, कपाळाला लावली, आणि म्हणाले, "संजे, त्या पोराचा रुसवा माझ्या नावावर किती दिस ठेवतीस? मला आता जायचं हाय." एवढंच. 

त्या दिवशी लोक थांबत नव्हते, असं मी तुला सांगितलं. तात्याबा ऐकत नव्हते, भावकी म्हणत होती सूर्य मावळायच्या आत उरका. हे सगळं खोटं आहे. आई बारा वाजता गेली. चार वाजता तुझा फोन आला, मी हौदामागं जाऊन घेतला. तू म्हणालास, "अक्का, विमानात बसतोय. सकाळी आठपर्यंत पोचतो. बर्फाच्या पेटीत ठेव, पण मला तोंड बघू दे." मी हो म्हटलं. फोन ठेवून पुढं आले. तात्याबांनी विचारलं, "सोपानाचा काय निरोप?" मी म्हटलं, फोन लागत नाही. त्यांनी पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, "पेटी मागवतो भिगवणवरनं, थांबू या की रात्रभर. एकुलता एक हाय." मी म्हटलं, "नको तात्याबा. त्याचं काय खरं न्हाय. उरका."

अग्नी मी दिला. सगळे म्हणाले, काय धीराची पोरगी.

सकाळी तू आलास तेव्हा राख कोमट होती. तू विचारलंस का थांबला नाहीत, आणि मी तात्याबांकडं बोट केलं. तू त्या म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत काय काय बोललास. त्यांनी मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. माझ्याकडं एकदा बघितलं फक्त. तू मला म्हणालास, "तू तरी आडवी पडायचीस." पाण्याचा घोट न घेता गेलास.

का केलं, ते सांगते. सहा वर्षं तिला मी उचलली, धुतली, भरवली. ती माझ्या हातचा घास तोंडात घेऊन विचारायची, "सोपान जेवला आसंल का?" तिचं अंग पुसताना, वेणी घालताना, सोपान आला का, सोपानाचा फोन आला का. शेवटच्या दिवशीसुद्धा माझा हात धरून तिनं विचारलं, "कोन हाय? सोपान का?" मी म्हटलं, "व्हय आई, सोपान." ती हसली आणि गेली. तुझ्या नावानं हसली, माझा हात धरून. हौदामागं तुझा आवाज ऐकला आणि माझं टाळकं फिरलं. म्हटलं, सगळं त्याचंच का? एवढं तरी माझं असू दे. त्याला उशीर होऊ दे.

झालं लिहून. माफी मागायची लाज वाटते म्हणून मागत नाही. पण हे वाचल्याशिवाय अक्षत घेऊ नकोस. फसवून मामा उभा करायचा नाही मला.

उद्या शेवटची सकाळ. नाही आलास तर परतीच्या वाटेवर नैवाशा लागतं. गाडी तुझ्या कंपनीच्या दारात दहा मिनिटं थांबवा, म्हणून सरांच्या हातापाया पडेन आणि ही पत्रं तिथं देऊन जाईन.


नैवाशा, २१ जानेवारी, कंपनीच्या फाटकाशी

सोपान,

हे मी वॉचमनच्या बाकावर बसून लिहितेय. तुझ्या कंपनीतल्या यशराजनं चहा आणून दिलाय. मला बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

सकाळी तिसऱ्यांदा गेटवर उतरले. तिसऱ्यांदा तू नव्हतास. मग मी तुझ्यावर जी चिडले! आत गेंडे होते, रोहित होते, मी काही बघितलं नाही. मनात तुला अशा शिव्या दिल्या की आईनं कानफटात मारली असती. दीड वाजता गाडी इथं आली. मी पत्रांचं पाकीट घेऊन फाटकाशी गेले, तुझं नाव सांगितलं. वॉचमननं आत फोन केला आणि शेडमधून एक पोरगा पळत आला. मराठीच, लोणी देवकरचा, यशराज. मला बघितलं आणि जागेवर थांबला.

"तुमी अक्का का?"

मी म्हटलं, हो.

"मग हितं काय करताय? सोपानमामा तुमच्याकडंच गेल्यात की. तीन दिस झालं."

मला काही समजेना. म्हटलं, कुठं गेलाय?

"नाकुरूला, मेन गेटला. रजा टाकलीय त्यांनी. अंधारात उठून जात्यात, गेट बंद झाल्यावर परत येत्यात. एकेका गाडीत वाकून बघत्यात म्हणं. काल मी म्हनलं, मामा, आल्या नसतील त्या, द्या सोडून. तर म्हनले, तिनं लिहिलंय थांब म्हणून, मग थांबायचं."

मी वळून मवांगीला विचारलं, आपण गेलो ते मेन गेट ना? केयूर सरांनीच उत्तर दिलं. "नाही मावशी, हॉटेल बदललं ना, म्हणून आपण तिन्ही दिवस लानेट गेटनं गेलो. मेन गेट शहराच्या बाजूला आहे. का हो?"

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! गेट मोठं दिसलं, म्हणून तेच मेन, असं धरून बसले. शेतकऱ्याची बाई मी, बांधापलीकडं दुसरं फाटक असतं हे मला कळू नये? मी गाडीच्या पायरीवर खाली बसले. यशराज बोलतच होता. "डबा घिऊन जात्यात रोज. चपात्या नि शेंगदाण्याची चटणी. माझ्याकडनंच दाणे भाजून घेतले. म्हनले, अक्काला हाटेलातलं चालत न्हाय, तिचे हाल होत असतील."

मग मी रडले, सोपान. सगळ्या बारामतीकरांसमोर, तोंड न झाकता. तू तीन दिवस थांबलास. नुसत्या एका ओळीवर. मी एक रात्र थांबले नाही.

यशराजनं तुझा फोन लावून बघितला. लागेना. चार्जिंग संपलं असेल म्हणाला. विनयाताईंनी पाणी पाजलं. मी थोडक्यात सांगितलं त्यांना, भाऊ आहे, अक्षत द्यायचीय. केयूर सर घड्याळ बघत होते. "मावशी, वाईट वाटतंय, पण निघायला हवं. विमान थांबणार नाही."

मी म्हटलं, "विमानाला थांब म्हणतंय कोण? मी थांबते."

काय गोंधळ उडाला विचारू नकोस. तिकीट जाईल, परक्या मुलखात एकट्या, व्हिसाचं काय. कागद बघितला तर मुदत आहे. सरांनी इंदापूरला ह्यांना फोन लावून दिला, त्यांना वाटलं ते तरी मला आवरतील. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं, हौदामागच्या फोनसकट.  ते म्हणाले, "अक्षत दिल्याशिवाय येऊ नको. पेरू मी तोडून घेतो." असं माणूस मला मिळालंय, आणि मी आयुष्यभर त्यांना घुम्या म्हणत आले.

सरांनी शेवटी विचारलं, परत नाकुरूला सोडू का? मी नको म्हटलं. मी तिकडं आणि तू इकडं, असं पुन्हा व्हायला नको. आता हलायचं नाही. मवांगीनं बॅग उतरवली आणि मला नमस्कार केला, आपल्यासारखा, हात जोडून. कुठं शिकला कोण जाणे. गाडी गेली.

तेव्हापासून बसलेय. समोर रस्ता, पलीकडं तुझे पांढरे शेड, ओळीनं. वॉचमन मघापासून माझ्याकडं काळजीनं बघतोय. नाकुरूकडून येणाऱ्या छोट्या गाड्या इथं थांबतात, माणसं उतरतात. दर गाडीला एक खडा बाजूला ठेवतेय. आठ झाले. प्रत्येक गाडीला वाटतं, उठावं आणि पळून जावं. कालचं पत्र तू वाचशील, तेव्हा मी समोर असणार. पाकीट देऊन निघून जाणं सोपं होतं.

अक्षतेची पुडी डबीतून काढून हातात घेतली होती. परत ठेवली. आधी पत्र. तेही तुझ्या हातात देणार नाही, मीच वाचून दाखवीन. आईचं तोंड तुला बघू दिलं नाही मी. आता तेच तोंड मला आलंय, तर ह्याच तोंडानं तुला सांगते. त्यावर तू उठून गेलास तर जा. श्रेया एकटी चालत येईल, आणि का ते मी तिला माझ्या तोंडानं सांगेन.

नववी गाडी थांबली. दोन बायका उतरल्या, कोंबड्या घेऊन. मागून एक माणूस उतरतोय. केस पांढरे झालेत. एक खांदा खाली टाकून चालतोय, अप्पा चालायचे तसा.

हातात डबा आहे. जड दिसतोय. म्हणजे आजही उघडला नाहीस.

पेन ठेवते.